गोठ्यातला आकडा परिषदेपर्यंत

६ सप्टेंबर २०११ रोजी जागतिक आरोग्य संघटनेच्या दक्षिण-पूर्व आशिया विभागातल्या अकरा देशांचे आरोग्यमंत्री जयपूरमध्ये जमले होते. भारत, बांगलादेश, नेपाळ, श्रीलंका, थायलंडपासून तिमोर-लेस्तेपर्यंत लहानमोठे देश त्यात होते. त्या बैठकीत एक जाहीरनामा संमत झाला. प्रतिजैविकांना, म्हणजे अँटिबायोटिक्सना, दाद न देणाऱ्या जंतूंना आवर घालण्याची ती सामूहिक हमी होती. सार्वजनिक आरोग्याच्या जगात तो ‘जयपूर जाहीरनामा’ म्हणून ओळखला जातो. त्याच वर्षीच्या जागतिक आरोग्य दिनाचा विषयही हाच होता. भारताचं या विषयावरचं पहिलं राष्ट्रीय धोरणही २०११ चंच.

राष्ट्रीय धोरण आखू, औषधांच्या वापराला शिस्त लावू, प्रतिरोधावर सतत पाळत ठेवू, असा या हमीचा गाभा होता. पाळत ठेवायची तर आकडे लागतात, आणि आकडे मंत्र्यांच्या फायलीत आपोआप उगवत नाहीत. कुणीतरी गोठ्यात बसून दुधाचा नमुना घेतो, कुणी रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत जंतू वाढवायला रात्री लावलेल्या बशा सकाळी उघडतो, कुणी खाटकाच्या ओट्यावरून स्वॅब आणतो. या सगळ्यांचे आकडे जगासमोर पहिल्यांदा येतात ते बहुधा एखाद्या परिषदेत, अडीचशे-तीनशे शब्दांच्या सारांशातून. संशोधक मंडळी त्याला ‘ॲबस्ट्रॅक्ट’ म्हणतात.

‘परिषद’ म्हटलं की गळ्यात ओळखपत्र, हातात पिशवी, दुपारचं जेवण आणि शेवटी प्रमाणपत्र असं चित्र अनेकांच्या डोळ्यांसमोर येतं. ते अगदीच खोटं नाही. पण प्रतिजैविकांचा प्रतिरोध आणि जनावरांकडून माणसांत येणारे आजार या दोन विषयांत परिषदेला याहून मोठं काम आहे. पशुवैद्य, डॉक्टर, सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ आणि औषध नियंत्रण खात्याचे अधिकारी ही एरवी एकमेकांच्या वाटेला न जाणारी माणसं तिथे एका छताखाली येतात. तिथे पाठवलेला आकडा तुलनेला उभा राहणारा असेल, तर त्याचं पुढे धोरण होऊ शकतं. नसेल तर प्रमाणपत्र तेवढं भिंतीवर राहतं.

टिळकांच्या काळातला धडा

जयपूरला मोती डुंगरीच्या परिसरात टिळक नगर नावाची वसाहत आहे. परमुलखात टिळकांचं नाव दिसलं की मराठी माणूस दोन क्षण थांबतो. जनावरांकडून माणसांत येणाऱ्या आजारांशी मात्र टिळकांचा संबंध फार जवळचा आणि दुःखाचा आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचं निदान केलं. काही महिन्यांत साथ पुण्यात पोचली. टिळक पुणं सोडून गेले नाहीत, त्यांनी प्लेगच्या रुग्णांसाठी इस्पितळ उभारायला पुढाकार घेतला. पुढे १९०३ साली त्यांचा थोरला मुलगा विश्वनाथ प्लेगनेच गेला.

प्लेग हा उंदरांचा आजार. तो माणसांत आणते ती उंदरावरची पिसू. हे आज शाळेतल्या मुलालाही माहीत असतं. पण फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ साली कराचीत प्रयोग करून पिसूवर बोट ठेवलं, तेव्हा बहुतेक तज्ज्ञांनी मान डोलावली नाही. प्रयोग थोडे होते, दुसऱ्यांना ते नीट जमत नव्हते. मग मुंबईत कॅप्टन ग्लेन लिस्टन यांनी प्लेगच्या घरांत गिनीपिग सोडून त्यांच्या अंगावरच्या पिसवा गोळा केल्या. ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’च्या नियतकालिकात १९०५ साली त्यांचा उंदीर, पिसवा आणि प्लेग यांवरचा लेख छापून आला. त्यानंतर परळला प्लेगच्या तपासासाठी नेमलेल्या आयोगाने तोच प्रश्न पुन्हा हाती घेतला. पिसूची उडी पोचणार नाही इतक्या उंचीवर टांगलेल्या पिंजऱ्यांतले प्राणी वाचले, खालचे मेले. असे प्रयोग आयोगाने पुन्हा पुन्हा केले आणि तेव्हा कुठे शंका मिटली.

सिमाँ बरोबर होते, तरी त्यांचं म्हणणं पटायला सात-आठ वर्षं गेली. आपल्याला दिसलेलं दुसऱ्यालाही त्याच पद्धतीने दिसेल अशी मांडणी नसेल, तर खरा शोधही वर्षानुवर्षं पडून राहतो. आजच्या ॲबस्ट्रॅक्टमधला ‘पद्धत’ हा चार ओळींचा परिच्छेद म्हणूनच सगळ्यांत महत्त्वाचा असतो, आणि नवशिके नेमका तोच घाईत उरकतात.

प्रतिरोध आणि प्राणिजन्य आजार एकाच मांडवात का?

प्रतिजैविक दिलं की बहुतेक जिवाणू मरतात. ज्यांच्यात जगण्याची एखादी युक्ती आधीच असते ते उरतात, आणि मोकळ्या झालेल्या जागेत वाढतात. एवढ्यावर भागलं असतं तर धोका मर्यादित राहिला असता. पण अनेक जिवाणूंत प्रतिरोधाचं जनुक प्लाझ्मिड नावाच्या सुट्या डीएनए-वेटोळ्यावर असतं, आणि ते वेटोळं एका जातीच्या जिवाणूकडून दुसऱ्या जातीच्या जिवाणूकडे सहज जातं. डुकराच्या आतड्यातल्या जंतूने कमावलेली युक्ती त्यामुळे माणसाच्या पोटातल्या जंतूला आयती मिळते.

याचा सर्वांत गाजलेला पुरावा २०१५ च्या नोव्हेंबरात चीनमधून आला. कोलिस्टिन हे बाकी सारं थकल्यावर अतिदक्षता विभागात काढायचं औषध. त्यालाही न जुमानणारं, प्लाझ्मिडवरचं ‘एमसीआर-१’ हे जनुक तिथे डुकरांत, मांसात आणि रुग्णांतही सापडलं. तेच कोलिस्टिन अनेक देशांत कोंबड्या-डुकरांची वाढ जोमाने व्हावी म्हणून खाद्यातून दिलं जात होतं. २०१९ च्या जुलैमध्ये भारत सरकारने अन्नासाठी पाळलेल्या जनावरांत कोलिस्टिनच्या वापरावर बंदी घातली.

प्राणिजन्य आजारांची यादी तर आपल्या अंगणातलीच आहे. २००५ च्या महापुरानंतर मुंबईने लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिसचा) फटका खाल्ला. उंदरांच्या आणि जनावरांच्या मूत्राने दूषित पाण्यातून तो जंतू पायाच्या जखमेवाटे शरीरात शिरतो. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला देशातला पहिला एच५एन१ बर्ड फ्लू सापडला आणि लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या. गोचिडीवाटे पसरणारा माकडताप पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने १९५७ साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला होता. तो २०१५ मध्ये गोव्याच्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातल्या दोडामार्गला येऊन पोचला. जयपूरलाही २०१८ साली शास्त्रीनगर भागात झिकाची साथ आली होती. तो विषाणू १९४७ साली युगांडातल्या एका माकडात प्रथम सापडला होता.

आता या दोन धाग्यांची गाठ कुठे पडते ते पाहा. गाईला कासदाह होतो, गावात ज्याला ‘दगडी’ म्हणतात. पशुपालक ओळखीच्या दुकानातून ट्यूब आणून सडात सोडतो. दोन दिवसांत सूज उतरली की उपचार थांबतो. औषधाचा अंश दुधात उतरत असतो, त्यामुळे ठरलेले दिवस ते दूध डेअरीला घालायचं नसतं. पण दूध ओतून द्यायचं म्हणजे रोजचा पैसा ओतून द्यायचा, म्हणून ते कॅनमध्ये जातं. कासेत उरलेला स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू धार काढणाऱ्याच्या हातावर जातो, आणि माणसाच्या हातावरून कासेतही येतो. आजार, औषध आणि प्रतिरोध अशा तिन्ही गोष्टी एकाच बादलीत आल्या. इथे फक्त डॉक्टरने किंवा फक्त पशुवैद्याने पाहून चालत नाही. ‘वन हेल्थ’ हा शब्द हल्ली फार ऐकू येतो, त्याचा अर्थ एवढाच. नागपूरला याच नावाच्या राष्ट्रीय संस्थेची पायाभरणी ११ डिसेंबर २०२२ रोजी झाली.

एकवीस मिलिमीटरची गोष्ट

समजा, जयपूरच्या आसपासच्या गोठ्यांतून कासदाह झालेल्या गाई-म्हशींच्या दुधाचे नमुने घेतले. (हे उदाहरण निव्वळ समजावण्यापुरतं आहे.) त्यातून ई. कोलाय जिवाणू वेगळे केले. आता ते कोणत्या औषधाला दाद देतात हे पाहायचं.

यासाठी सगळ्यांत स्वस्त आणि जुनी रीत म्हणजे डिस्क चाचणी. म्यूलर-हिंटन अगारची चार मिलिमीटर जाडीची बशी घ्यायची. जिवाणूंचं पाणी ठराविक गढूळपणाचं करायचं, ते कापसाच्या बोळ्याने बशीभर सारखं फासायचं. त्यावर औषध भिजवलेल्या कागदी चकत्या ठेवायच्या. ३५ अंशांच्या आसपास सोळा ते अठरा तास बशी ठेवली की जिवाणूंची साय धरते, आणि चकतीभोवती औषधाने जेवढे मारले तेवढा स्वच्छ गोल उरतो. त्या गोलाचा व्यास मोजायचा आणि तक्त्यात पाहायचं की जिवाणू संवेदनशील आहे, प्रतिरोधी आहे की मधला आहे.

समजा, सिप्रोफ्लोक्सासिनच्या चकतीभोवतीचा गोल २१ मिलिमीटर भरला. मानवी वैद्यकासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या सीएलएसआय या अमेरिकी संस्थेच्या जुन्या तक्त्यात २१ किंवा जास्त म्हणजे ‘संवेदनशील’. २०१९ मध्ये संस्थेने हा निकष कडक केला. नव्या तक्त्यात संवेदनशील ठरायला २६ लागतात, आणि २१ किंवा कमी म्हणजे ‘प्रतिरोधी’. बशी, गोल आणि फुटपट्टी काहीच बदललं नाही. तक्ता कोणत्या वर्षाचा वापरला यावर निष्कर्ष उलटा झाला.

ज्या ॲबस्ट्रॅक्टमध्ये तक्ता कोणता आणि कोणत्या वर्षाचा हे लिहिलेलं नाही, त्यातली टक्केवारी दुसऱ्या कुठल्याही टक्केवारीशेजारी ठेवता येत नाही. ‘२०१५ पेक्षा २०२३ मध्ये प्रतिरोध वाढला’ असं वाक्य लिहिलं, पण दोन वर्षांना दोन वेगळे तक्ते लावले असतील, तर कदाचित फक्त तक्ता बदलला आहे. शिवाय जनावरांतल्या जिवाणूंसाठी आणि काही औषधांसाठी पशुवैद्यकाचे वेगळे निकष आहेत. माणसाचे निकष वापरले असतील तर तसं सांगायला लाज कसली? न सांगणं मात्र चूक आहे. गोलाचे मूळ मिलिमीटर जपून ठेवावेत. पुढे तक्ता बदलला तरी मिलिमीटर बदलत नाहीत.

टक्क्यामागचा आकडा

आता परिषदेसाठी ॲबस्ट्रॅक्ट तपासणाऱ्या परीक्षकाच्या खुर्चीत बसून पाहू. समोर ओळ आहे: ‘३० टक्के जिवाणू प्रतिरोधी आढळले.’ परीक्षकाचा पहिला प्रश्न असतो, कितीपैकी?

४० जिवाणूंपैकी १२ प्रतिरोधी निघाले तर ते ३० टक्केच. पण एवढ्या लहान नमुन्यावरून खरं प्रमाण साधारण १८ ते ४५ टक्क्यांच्या दरम्यान कुठेही असू शकतं. ४०० पैकी १२० निघाले तर तोच पट्टा २६ ते ३५ टक्क्यांवर येतो. म्हणून टक्क्याशेजारी अंश, छेद आणि हा पट्टा, ज्याला संख्याशास्त्रात विश्वास-अंतराल म्हणतात, लिहिणं हा साधा प्रामाणिकपणा आहे. लहान नमुना हा गुन्हा नाही, तो झाकणं हा गुन्हा आहे.

दुसरा प्रश्न असतो, हे ४० आले कुठून? सगळे पाच गोठ्यांतले असतील, तर ते ४० स्वतंत्र पुरावे ठरत नाहीत. एका गोठ्यात एकच जंतू सगळ्या जनावरांत फिरत असतो. एकाच गाईचा नमुना तीनदा घेऊन तीनदा मोजला, तर टक्केवारी फुगते. मानवी रुग्णालयांत नियम आहे की एका रुग्णाचा, एका जातीचा, ठरलेल्या काळातला पहिलाच जिवाणू मोजायचा. गोठ्यालाही असाच नियम ठरवून घ्यावा आणि तो लिहावा.

तिसरा प्रश्न: ही जनावरं निवडली कशी? दवाखान्यात आणलेली आजारी गाय बहुधा आधीच दोन-तीन औषधं घेऊन आलेली असते. तिच्यावरून ‘जिल्ह्यातल्या गाईंमध्ये’ असं वाक्य लिहिता येत नाही. ‘उपचारासाठी आणलेल्या गाईंमध्ये’ असं लिहिलं की वाक्य लहान होतं, पण खरं होतं.

‘मल्टिड्रग रेझिस्टंट’ हा शब्द तर वाटेल तसा वापरला जातो. त्यालाही २०१२ पासून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी सुचवलेली व्याख्या आहे: प्रतिजैविकांच्या तीन किंवा अधिक वेगळ्या गटांतल्या किमान एकेका औषधाला प्रतिरोध. एकाच गटातली तीन औषधं निकामी झाली म्हणून तो जंतू या व्याख्येत बसत नाही.

लहान नमुन्याची ताकद

नमुना लहान असूनही काम मोठं ठरल्याचं मुंबईचंच उदाहरण आहे. २००९ मध्ये माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातल्या प्रयोगशाळेने कार्बापेनेम या शेवटच्या फळीतल्या औषधांना न जुमानणारे २४ जिवाणू तपासले. त्यांतल्या २२ मध्ये ‘एनडीएम-१’ हे तेव्हा नुकतंच ओळखलं गेलेलं जनुक निघालं. हे काम २०१० च्या मार्चमध्ये भारतीय फिजिशियन संघटनेच्या नियतकालिकात छापून आलं. ‘लॅन्सेट’च्या संसर्गरोग पत्रिकेतला लेख आणि जनुकाच्या नावातल्या ‘नवी दिल्ली’वरून उठलेलं वादळ ऑगस्टमधलं. मुंबईचा आकडा त्याच्या आधीचा. नमुने चोवीसच होते, पण प्रश्न नेमका होता. कार्बापेनेमला दाद न देणाऱ्या जंतूंमध्ये हे जनुक आहे का, एवढंच विचारलं होतं. ‘भारतात प्रतिरोध किती’ असा दावा केला नव्हता.

त्यानंतर चेन्नईला काय घडलं तेही परिषदेच्या ताकदीची साक्ष देतं. २४ ऑगस्ट २०१२ रोजी संसर्गरोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेला जोडून देशातल्या वैद्यकीय संघटनांची एकत्र बैठक झाली. तिथून ‘चेन्नई जाहीरनामा’ निघाला. सगळं एका रात्रीत करा असं न म्हणता व्यवहारात काय काय शक्य आहे हे त्यात मांडलं होतं. पुढच्या वर्षी, ३० ऑगस्ट २०१३ ला, केंद्र सरकारने औषध नियमांत ‘एच-१’ ही नवी अनुसूची आणली. ती १ मार्च २०१४ पासून लागू झाली. सुरुवातीला तिच्यात ४६ औषधं होती. त्यांत वरच्या फळीतली प्रतिजैविकं आणि क्षयरोगाची औषधं येतात. विक्रेत्याने डॉक्टरचं नाव, रुग्णाचं नाव आणि औषधाचं प्रमाण वेगळ्या वहीत लिहायचं आणि ती वही तीन वर्षं जपायची. अंमलबजावणीत ढिलाई आहेच, पण नियम आहे आणि तो मागून घेण्यामागे परिषदेत जमलेली मंडळी होती.

राजस्थानातल्या गिधाडांची गोष्टही या संदर्भात सांगण्यासारखी आहे. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’चे विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडं मोजली होती. नव्वदच्या दशकात त्यांनीच ती पुन्हा मोजली आणि संख्या कोसळल्याचं १९९९ मध्ये छापून सांगितलं. कारण मात्र गूढ होतं. २००३ च्या मे महिन्यात बुडापेस्टला शिकारी पक्ष्यांवरच्या जागतिक परिषदेत लिंडसे ओक्स यांच्या गटाने उत्तर मांडलं: गुरांना दिलं जाणारं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक. मेलेल्या जनावराच्या मांसातून ते गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याची मूत्रपिंडं निकामी करतं. ‘नेचर’मधला निबंध त्यानंतर, २००४ च्या सुरुवातीला आला. २००६ मध्ये भारताने जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आणली. औषध प्रतिजैविक नव्हतं, पण गोठ्यातल्या इंजेक्शनचा परिणाम रानापर्यंत कसा जातो हे त्याने दाखवलं. गिधाडं गेल्यावर उघड्यावरच्या मढ्यांवर भटकी कुत्री वाढली, आणि कुत्र्यांबरोबर रेबीजचा धोका. त्याच माणसाने, त्याच जागी, दोनदा मोजलं होतं म्हणून ऱ्हासाचा आकडा कुणाला नाकारता आला नाही.

पाठवण्याआधी

आता परभणी, उदगीर, शिरवळ, नागपूर, मुंबई किंवा जयपूरला शिकणाऱ्या, पहिलंच ॲबस्ट्रॅक्ट पाठवणाऱ्या मुलामुलींसाठी थोडं कामाचं.

शीर्षकात जनावर, जंतू, जागा आणि काळ असू द्या. ‘प्रतिजैविक प्रतिरोध: एक जागतिक आव्हान’ या शीर्षकाने काहीच कळत नाही. पार्श्वभूमी दोन वाक्यांत आटपा. प्रतिरोध ही जागतिक समस्या आहे हे परीक्षकाला माहीत असतं. पद्धत सविस्तर लिहा: नमुने किती, कुठून, केव्हा, कसे निवडले, चाचणी कोणती, तक्ता कोणत्या वर्षाचा. निष्कर्षांत आकडे द्या, ‘लक्षणीय’ आणि ‘चिंताजनक’ ही विशेषणं वगळली तरी चालतात. शेवटच्या ओळीत आपल्या आकड्यांनी जेवढं सिद्ध होतं तेवढंच म्हणा. चाळीस नमुन्यांवरून ‘सरकारने तातडीने कायदा करावा’ असं लिहिणारे ॲबस्ट्रॅक्ट दरवर्षी येतात.

परवानग्या आधी घ्याव्या लागतात, नंतर मागच्या तारखेने मिळत नाहीत आणि मिळवू नयेत. माणसांचे नमुने असतील तर संस्थेच्या नीतिशास्त्र समितीची मान्यता आणि व्यक्तीची लेखी संमती लागते. प्राण्यांवर प्रयोग असेल तर १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखालच्या समितीच्या चौकटीत संस्थेच्या प्राणी-नीतिशास्त्र समितीची मान्यता लागते. निदानासाठी काढलेलं थोडं दूध प्रयोगात मोडतं की नाही हे आपल्याच समितीला विचारावं. पशुपालकाची संमती मात्र कोणत्याही परिस्थितीत घ्यावी, आणि सादरीकरणात त्याचं नाव-गाव उघड होऊ देऊ नये. प्रतिरोधी जंतू सापडलेला गोठा ओळखता आला की गावातले लोक त्याचं दूध घ्यायचं थांबवतात.

लेखकांच्या नावांचा प्रश्न नाजूक असतो. ज्याने नमुने आणले त्या पशुधन पर्यवेक्षकाचं नाव अनेकदा गळतं आणि ज्यांनी फक्त सही केली त्यांचं पहिलं येतं. आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संपादकांचा दंडक स्पष्ट आहे: कामात खरा वाटा, लेखनात किंवा तपासणीत सहभाग, अंतिम मसुद्याला मान्यता आणि सगळ्याची जबाबदारी. चारही असतील तर लेखक, नाहीतर आभारात.

आणखी एक सावधगिरी. ‘मान्यवर वक्ते’ म्हणून बोलावणारे, पाठवलेला सारांश तासाभरात मंजूर करणारे, नॅनोतंत्रज्ञानापासून दुग्धव्यवसायापर्यंत सगळं एकाच दिवशी उरकणारे आणि आधी फी मागणारे ई-मेल सगळ्यांच्या खात्यात येतात. बढतीच्या गुणांची गरज असली की त्यांचा मोह पडतो. परिषद भरवणारी संघटना कोणती, गेल्या वर्षीच्या सारांशांची पुस्तिका उपलब्ध आहे का, परीक्षक कोण, एवढं पाहिलं तरी बहुतेक बनावट परिषदा ओळखू येतात. पोस्टर मिळालं म्हणून हिरमुसू नका. व्यासपीठावर सात-आठ मिनिटं बोलून झाल्यावर प्रश्न विचारायला वेळ नसतो. पोस्टरपाशी उभं राहिलं तर तुमच्याच जंतूवर काम करणारा दुसऱ्या राज्यातला माणूस येऊन अर्धा तास बोलतो.

आणि काही सापडलं नाही तरी पाठवा. ‘एवढ्या गोठ्यांत पाहिलं, कोलिस्टिनला प्रतिरोधी जंतू मिळाला नाही’ हाही निष्कर्ष आहे. बंदीनंतर चित्र बदललं का हे उद्या कुणी तपासेल, तेव्हा त्याला हीच ओळ लागेल. फक्त सापडलेलंच छापत राहिलो तर प्रतिरोध आहे त्याहून जास्त दिसतो.

परत गोठ्याकडे

२०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट प्रतिरोधी जिवाणूंमुळे झाले, असा अंदाज ‘लॅन्सेट’मधल्या मोठ्या अभ्यासाने मांडला. असे अंदाज जागोजागच्या प्रयोगशाळांच्या आकड्यांवर उभे असतात, आणि जिथून आकडे येत नाहीत तिथली पोकळी गणिताने भरावी लागते. भारतात माणसांसाठी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पाळत जाळं २०१३ पासून आहे. जनावरं आणि मासे यांच्यासाठी भारतीय कृषी संशोधन परिषद आणि अन्न व कृषी संघटना यांचं ‘इन्फार’ हे जाळं आहे. या दोन जाळ्यांना एकमेकांत विणायचं असेल, तर दोन्हीकडे एकाच रीतीने मोजलं गेलं पाहिजे.

गोव्याने कुत्र्यांच्या लसीकरणात एकसारख्या नोंदींची चुणूक दाखवली. दारोदार फिरणाऱ्या पथकांनी लसीची नोंद मोबाईलवर ठेवली, कोणत्या वाड्यावर किती कुत्री राहिली ते दिसत गेलं, आणि २०२१ मध्ये गोव्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर केलं. प्रतिरोधाची लढाई रेबीजपेक्षा कितीतरी किचकट आहे, पण नोंदीची शिस्त दोन्हीकडे सारखीच लागते.

तेव्हा ॲबस्ट्रॅक्ट जरूर पाठवा, पण पाठवताना अंश आणि छेद दोन्ही लिहा, तक्त्याचं वर्ष लिहा, गोलाचे मिलिमीटर जपून ठेवा. आणि परिषदेहून परतल्यावर एक पान आणखी लिहा, ज्याच्या गोठ्यातून दूध आणलं त्याच्यासाठी, त्याला कळेल अशा भाषेत: तुझ्या जनावरात काय सापडलं, कोणती ट्यूब आता चालणार नाही, उपचारानंतर किती दिवस दूध डेअरीला घालू नये. या पानाला प्रमाणपत्र मिळत नाही. पण पुढच्या वेळी तो पशुपालक दुकानात जाण्याआधी पशुवैद्याला फोन करील, अशी शक्यता या एका पानाने वाढते.